शिवाजीनगरचा खांब

बेंगळुरूच्या शिवाजीनगर बसस्थानकावर तुम्ही उतरता आणि पहिली काही मिनिटं तुम्हाला पुण्यातच असल्यासारखं वाटतं. वाहक दारात उभा राहून "शिवाजीनगर, शिवाजीनगर" असं ओरडतोय. फुलवाल्या आहेत, रिक्षांची रांग आहे, गाठोडी घेऊन धावणारी माणसं आहेत. मग नजर वर पाटीकडे जाते. अक्षरं वाटोळी आहेत, एकमेकांना न चिकटता ओळीत बसलेली. कन्नड. नाव जन्मापासून कानावर असलेलं, आणि तुम्हाला ते वाचता येत नाही.

पुण्याचं शिवाजीनगर पूर्वी भांबुर्डे होतं. हे पूर्वी ब्लॅकपल्ली होतं. दोन्ही वस्त्यांनी जुनं नाव उतरवून एकच नाव घेतलं, आणि त्यांच्यामध्ये सुमारे ८४० किलोमीटरचा महामार्ग पसरलाय. पिढ्यान्‌पिढ्या तो 'एनएच फोर' होता. २०१० साली क्रमांक बदलून ४८ झाला, तरी कोल्हापूर-बेळगावकडची माणसं अजून जुना आकडाच सांगतात.

चौकात वाहतूक चिन्हाचा एक खांब आहे. त्यावर काळे-पांढरे पट्टे. हे पट्टे रंगाऱ्याच्या मर्जीचे नसतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमपुस्तिकेत त्यांची रुंदी ठरवून दिलीय: २५ सेंटिमीटर. पाटीची मागची बाजू करडी रंगवायची, हेही तिथेच ठरलंय. गर्दीतून वाट काढत तुम्ही खांबाला हात लावता. तळवा वरच्या काळ्या पट्ट्यावर आहे. हात खाली सरकवा.

गोंगाट थोडा कमी होतो. मोटारींमध्ये अँबॅसॅडर आणि फियाट जास्त दिसू लागतात. साल १९८०. मार्चच्या १० तारखेला भारतानं व्हिएन्नाच्या १९६८ च्या वाहतूक चिन्हांच्या करारात प्रवेश केलाय. त्याआधी तीन वर्षं, १९७७ मध्ये, इंडियन रोड्स काँग्रेसची चिन्हांची संहिता निघालीय, 'आयआरसी ६७' नावाची. अंगावर टोक वर केलेला लाल कडेचा त्रिकोण आला तर सावध व्हायचं. लाल कड्याचं वर्तुळ म्हणजे आज्ञा. चौकोन म्हणजे माहिती. आणि 'थांबा'ला आठ बाजू, कारण दुसऱ्या कुठल्याच पाटीला त्या नाहीत. चिखल बसला, रंग उडाला, पाटी मागून दिसली, तरी नुसत्या आकारावरून ती कळते.

शिकाऊ परवान्यासाठी पाठ केलेली ही चिन्हं आपण परवाना हातात पडला की विसरतो. मला मात्र त्यांच्याविषयी फार आदर आहे. १९५१ च्या जनगणनेत या देशात साक्षर होते १८.३३ टक्के. म्हणजे शंभरातल्या ऐंशीहून अधिक माणसांना रस्त्यावरचा एकही शब्द वाचता येत नव्हता. त्यांनाही रस्ता ओलांडायचाच होता, गाडी हाकायचीच होती. चित्राची पाटी ही त्यांच्यासाठी केलेली सोय आहे.

आणि ही चित्रं सगळी बाहेरून आणलेली नाहीत. रसेल मार्केटच्या बाजूला वळा. पहाटेचा भाजीबाजार भरतोय. एक हातगाडीवाला कांद्याची पोती लादून, छातीनं गाडी रेटत येतोय. त्याच्या चाकाची धाव झिजलीय, प्रत्येक खळग्याला पोती उसळतात. आता संहितेचं पान डोळ्यांसमोर आणा: लाल कड्याच्या आत हातगाडी. दुसऱ्यात बैलगाडी. तिसऱ्यात टांगा. बैलगाडी आणि टांगा आपल्याच रस्त्यावरचे. पण आपल्या रस्त्यावरच्या या माणसाचं चित्र पाटीवर आलं ते त्याला मना करण्यासाठी. ज्याच्या घामावर बाजार उभा, त्याची गाडी आम्ही काढली आणि म्हटलं, इथून आत नको. हे मला कायम खुपत आलंय.

हात आणखी एक पट्टा खाली. १९६० च्या आसपास. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान मापं यायला लागलीत. हमरस्त्यांवर माणसं मैलांचे दगड काढून किलोमीटरचे रोवतायत. दगडाचा वरचा गोल भाग राष्ट्रीय महामार्गावर पिवळा, राज्यमार्गावर हिरवा. हे कुठून आलं ठाऊक आहे? रस्त्यांची ही उतरंड, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ते, नागपुरात ठरली. १९४३ च्या डिसेंबरात देशभरचे मुख्य अभियंते तिथे जमले आणि त्यांच्या आराखड्याला नावच पडलं 'नागपूर प्लॅन'. गाडीच्या काचेतून पिवळ्या डोक्याचा दगड दिसला की तुम्ही नागपूरचा एक निर्णय पाहत असता. मैल गेला, पण भाषेतून त्याला कुणी काढू शकलं नाही. 'मैलाचा दगड' अजून आपल्या प्रत्येक सत्कार समारंभात रोवला जातो.

आता सावकाश. पुढचा पट्टा खडबडीत आहे.

२६ जुलै १९४७. स्वातंत्र्याला वीस दिवस आहेत. तुम्ही उभे आहात ती जागा आजपर्यंत म्हैसूर संस्थानात नव्हती. १८८१ पासून हा भाग 'सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशन' म्हणून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. जुनी पेठ महाराजांची, छावणी इंग्रजांची, मध्ये कब्बन पार्कची झाडी. आज ती म्हैसूरला परत दिली जातेय. १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका मिळून एक महानगरपालिका होईल. मग पाट्या उतरू लागतील. साउथ परेडचा महात्मा गांधी रोड झालेला असेल. इथला कॅव्हलरी रोड पुढे कामराज रोड होईल. इन्फंट्री रोड हे नाव मात्र लोकांच्या तोंडी तसंच राहील. पायदळ निघून गेलं, त्याचं नाव रस्त्यावर उभं.

हात सरकतो. १९३९. १ जुलैपासून नवा मोटार वाहन कायदा लागू झालाय आणि त्याच्या नवव्या अनुसूचीत रस्त्यावरची चिन्हं बसवलीत. ठेवण ब्रिटिश: खांबाच्या डोक्यावर एक पोकळ लाल त्रिकोण, आणि त्याच्या खाली वेगळी आयताकृती पाटी. त्रिकोण नुसतं "जपून" म्हणतो. कशापासून जपायचं ते खालच्या पाटीवर, आणि बहुतेकदा शब्दांत. वाचता येणाऱ्यालाच पूर्ण निरोप मिळतो. या गल्ल्यांत तमिळ बोलली जाते, दखनी बोलली जाते, कन्नड आणि तेलुगू बोलली जाते, आणि पाटी साहेबाच्या भाषेत उभी.

याच्या अकरा वर्षं मागे एक मराठी माणूस उभा आहे. बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात बसून अभ्यास केलेल्या किती जणांना माहीत असेल की भारतातल्या रस्त्यांचा विचार पहिल्यांदा देशपातळीवर झाला तो यांच्या समितीत? १९२७ साली समिती नेमली गेली, १९२८ ला अहवाल आला. समितीचं म्हणणं असं की वाढता रस्ता एकट्या प्रांताच्या किंवा लोकल बोर्डाच्या खांद्याला पेलणार नाही. त्याला देशाचा पैसा हवा. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. अभियंत्यांनी एकत्र बसून अनुभव ताडून पाहावेत, ही सूचनाही त्याच अहवालातली. तिच्यातून १९३४ च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस जन्मली. ज्या खांबावर तुमचा हात आहे त्याच्या पट्ट्यांची रुंदी ठरवणारी संस्था तीच. बेंगळुरूच्या चौकात उभं राहून जयकरांची आठवण काढणारे तुम्ही बहुधा पहिलेच, आणि मला ती इथेच काढायची होती.

आणखी खाली. आता मोटारी नाहीतच. जटके आहेत, घोड्यांच्या लिदीचा वास आहे. १८८२. सेंट मेरी चर्चची नवी गॉथिक इमारत उभी राहिलीय, टोकदार कमानींची. या वस्तीचं कागदोपत्री नाव ब्लॅकपल्ली. इंग्रजी येणारा कुणीही म्हणेल, काळी वस्ती. पण इथली माणसं नावाची वेगळी कथा सांगतात. मूळ नाव 'बिळी अक्की पळ्ळी'. कन्नडात बिळी म्हणजे पांढरा, अक्की म्हणजे तांदूळ. पांढऱ्या तांदळाचं खेडं. इथे भातखाचरं होती म्हणे. 'बिळी अक्की' भरभर म्हणून पाहा. बिळक्की. ब्लॅक. साहेबानं कानावर पडलं तसं लिहिलं, आणि पांढऱ्याचं काळं झालं.

इथे थोडं थांबा. पाटी रंगवणाऱ्यानं चूक केली असं म्हणून हे सोडून देता येणार नाही. गावातल्या एका माणसाला विचारलं असतं तर अर्थ कळला असता. विचारायची गरज वाटली नाही, कारण ही पाटी गावासाठी नव्हतीच. ती छावणीत नव्यानं बदलून आलेल्या माणसासाठी होती. पाटी कुणासाठी लावली, हे तिच्यावरच्या मजकुरापेक्षा आधी बघावं, असं मला या एका नावानं शिकवलं.

शेवटचा पट्टा जमिनीलगत. वाकावं लागतं.

छावणी नाही. ती यायला अजून खूप वेळ आहे. भाताची खाचरं, हलसूरच्या तळ्याकडून येणारा गार वारा. तळ्याच्या बाजूला उंच खडकावर इथल्या केंपेगौडा राजांचा दगडी मनोरा, शहराच्या सीमेवरच्या चार मनोऱ्यांपैकी एक. अक्षर नाही, चित्रही नाही, पण लांबून येणाऱ्याला कळतं: बेंगळुरू आलं.

१६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे इथे आले आणि हे त्यांच्या जहागिरीचं ठाणं झालं. बाल शिवाजी जिजाऊंबरोबर इथे येऊन गेल्याचं इतिहास सांगतो. पुण्याहून इथवर मैलाचा दगड नाही. नीरा, कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, तुंगभद्रा: नद्या मोजत यायचं आणि पुढच्या गावाची वाट मागच्या गावाला विचारायची. म्हणजे वाटेतल्या लोकांची बोली यायला हवी, निदान "दारी यल्ली?" एवढं तरी.

१६६९ साली शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे मल्लापूरच्या, म्हणजे आजच्या मल्लेश्वरमच्या, मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान देतात. दान दगडावर कोरलं जातं. दाता मराठा, लेख कन्नड. गाव ज्यांचं, पाळायचं ज्यांनी, त्यांच्या भाषेत. राजाचं नाव कोरलेल्या त्या दगडापाशी मी पांढऱ्या तांदळाची ती पाटी मनात ठेवून पाहतो.

आता हात एकदम वर न्या. पट्टे झरझर जातात.

२०१४ चा १ नोव्हेंबर: बँगलोरचं अधिकृत बेंगळुरू, बेळगावचं बेळगावी. २०१७: मेट्रोच्या पाट्यांवरच्या हिंदीला विरोध, आणि ती अक्षरं झाकली जातात. २०२४: दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडाचा आग्रह. बेळगावात मराठी पाटीसाठी झटलेल्या माणसाला हे वाचून दुखतं, आणि मुंबईत मराठी पाटीसाठी भांडलेल्याला हेच पटतं. दोघं आपलीच माणसं आहेत. मला विचाराल तर इथे कन्नड आधी हवी, ठळक हवी. आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी राहतात तिथे मराठीही हवी. दोन्ही गोष्टी एकाच कारणासाठी हव्यात. २०२५ च्या सप्टेंबरात तर इथल्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरींचं नाव सुचवलं गेलं आणि त्याचे पडसाद थेट मुंबईत उमटले. त्याच महिन्यात, सेंट मेरींच्या जत्रेला, याच रस्त्यावर भगव्या कपड्यांतले हजारो भाविक चालत आले होते. त्यांना वाट सांगायला पाटी लागली नाही.

आणि एक पाटी शिवाजीनगरची नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०२२, व्हाइटफील्डचा होप फार्म चौक. लाल त्रिकोणात चार काळे ठिपके. कुणीतरी फोटो काढून विचारलं, हे काय आहे? शहरभर कुणालाच सांगता येईना. वाहतूक पोलिसांनी उत्तर दिलं: रस्त्यावर दृष्टिहीन व्यक्ती असण्याची शक्यता, जपून चालवा. जवळच अंध मुलांची शाळा आहे. ज्या मुलांना ती पाटी कधीच दिसणार नाही त्यांच्यासाठी ती उभी होती, आणि ज्यांना दिसत होती त्यांना ती वाचता येत नव्हती.

तुम्ही परत बसस्थानकात आहात. पाटी समोर आहे. आता घाई नाही, म्हणून बघत राहता. नाव ठाऊक आहे, तेव्हा अक्षरं पळून जाऊ शकत नाहीत. पहिलं शि, मग वा, मग जि. शेवटची तीन न, ग, र. ग म्हणजे खाली उघडी कमान, वर छोटीशी शेंडी. र वाटोळा. बोटानं हवेत गिरवून पाहता.

एक बस येते. समोरच्या पाटीवर क्रमांक, आणि पुढे नवं नाव. शेवटाकडून वाचायला लागता: र, ग, न. नगर. पहिलं अक्षर मघाच्या जि चं भावंड दिसतं, वेलांटी नसलेलं. ज. मधलं एक मात्र अडतं.

शेजारी कोथिंबिरीच्या जुड्यांची पिशवी घेऊन एक बाई उभ्या आहेत. तुम्ही पाटीकडे, त्या अक्षराकडे बोट करता.

"य," त्या म्हणतात. "जयनगरा."