खिम्याच्या थरांतला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला तख्ते आणि लढाया आठवतात. बावर्चीखान्याकडे कोणी पाहत नाही. भाजलेल्या खिम्याचेच उदाहरण घ्या. 'खिमा' हा मूळ तुर्की शब्द फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला. त्यावरचा बटाटा आणि सोबतचा पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. मसाला मात्र कोकणातला.

1856 साली ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ-लालबागला गिरणगाव वसले. चाळीतल्या एका खोलीत भट्टी कुठून असणार? आमच्या बायकांनी दमाची रीत वापरली. सुका परतलेला खिमा पातेल्यात थापायचा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, त्यावर फेटलेले अंडे. खाली मंद शेगडी, झाकणावर निखारे. ईदच्या नानकटाईचे पत्रे तेवढे बेकरीत जात. मग विजेचा गोल ओव्हन आला आणि निखारे विझले.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यातून गिरणगाव सावरले नाही. 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईतली अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली.

'तुम्ही मूळचे कुठले?' असे आम्हाला अजूनही विचारले जाते. बाहेरून आलेले शब्द इथे मराठी झाले, त्यांना कोणी हा प्रश्न विचारत नाही. मग इथल्याच मातीतल्या माणसांना का? आमच्या दादी-नानींच्या तोंडी असलेल्या या पाककृती आता मराठीत लिहून ठेवल्या पाहिजेत. तोही आमचा दस्तऐवज आहे.