तबकडींतील जॅझ आणि तबकडीबाहेरचे वादक



इतिहासाच्या अभ्यासांत अस्सल कागद आणि मागाहून रचलेली बखर यांतील भेद फार महत्त्वाचा असतो. कै. राजवाडे यांनीं महाराष्ट्राला तो कायमचा शिकविला. परंतु जी कला कागदावर पुरती उतरतच नाहीं, तिचा अस्सल पुरावा कोणता मानावा? अमेरिकेंतील जॅझ ही अशीच एक कला आहे. तिचें मर्म वादकाच्या आयत्या वेळच्या कल्पनेंत असतें. मूळ चीज स्वरलिपींत लिहून ठेवतां येते. त्या चिजेवर वादकानें त्या घटकेला केलेला विस्तार मागाहून लिहिला, तरी त्यांतील श्वास आणि डौल कागदावर येत नाहीं. ख्यालगायकीचा ज्यांना परिचय आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं. म्हणून जॅझच्या बाबतींत ध्वनिमुद्रिका हाच अस्सल कागद होय. मला विशेष प्रिय असलेल्या कांहीं तबकड्यांच्या आधारें आज या कलेंतील थोर सुषिरवादकांची हकीकत सांगावयाची आहे. आणि या कागदांत काय लिहिलें गेलें नाहीं, तेंही सांगावयाचें आहे.

या इतिहासाचें पहिलेंच पान कोरें आहे. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळील न्यू ऑर्लिन्स या बंदरांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बडी बोल्डन (१८७७–१९३१) नांवाचा कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक नांवारूपास आला. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचें आंखूड भावंड. जुन्या वादकांनीं बोल्डनला या वादनपद्धतीचा आद्य पुरुष मानलें आणि त्याच्या बुलंद स्वराच्या कथा पुढील पिढीला सांगितल्या. १९०७ सालीं त्याला वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें व तेथेंच चोवीस वर्षांनीं त्याचा अंत झाला. त्याचें वादन मेणाच्या नळीवर मुद्रित झालें होतें अशी आख्यायिका आहे. ती नळी मात्र आजवर कोणाच्या हातीं लागलेली नाहीं. ज्याच्यापासून वंशावळ सुरू होते, त्याचा एक स्वरही आपल्या कानीं पडत नाहीं. त्याच्याविषयीं आहे ती केवळ बखर.

अस्सल कागद प्रथम तयार झाला तो १९१७ सालीं, आणि तो निराळ्याच हातांनीं लिहिला. न्यू ऑर्लिन्समधूनच आलेल्या पांच गोऱ्या वादकांच्या ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड’ या ताफ्यानें २६ फेब्रुवारी १९१७ रोजीं न्यूयॉर्क येथें व्हिक्टर कंपनीकरितां दोन रचना वाजविल्या. जॅझ या नांवाखालीं निघालेली ती पहिली तबकडी. तिचा खप मोठा झाला. ताफ्याचा पुढारी निक लारोका हा तर पुढें, ही कला आपणच निर्माण केली, असें सांगूं लागला. ज्यांच्या वस्त्यांत ती वाढली, त्या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय ताफ्याची तबकडी निघण्यास १९२२ साल उजाडावें लागलें. पुरावा अस्सल असूनही एकांगी असूं शकतो, हें इतिहासाच्या विद्यार्थ्यानें येथेंच ध्यानांत धरावें.

पुढच्या वर्षीं, एप्रिल १९२३ मध्यें, किंग ऑलिव्हर याचा ताफा इंडियाना राज्यांतील रिचमंड गांवीं जेनेट कंपनीकडे मुद्रणासाठीं गेला. तेव्हां मुद्रणांत विजेचें साहाय्य नव्हतें. सर्वांनीं एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवावयाचें आणि हवेच्या कंपनांनीं मेणावर रेघ उमटावयाची. ऑलिव्हरच्या हाताखालचा दुसरा कॉर्नेटवादक लुई आर्मस्ट्राँग हा अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या स्वरानें इतरांना झांकून टाकूं नये, म्हणून त्याला कर्ण्यापासून दूर उभें करावें लागलें, असें जुनी मंडळी सांगत.

१९२५ पासून मोठ्या कंपन्या विजेच्या साहाय्यानें मुद्रण करूं लागल्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत आर्मस्ट्राँगनें शिकागो येथें ओके कंपनीसाठीं स्वतःच्या नांवानें वाजविण्यास आरंभ केला, आणि थोड्याच काळांत त्यालाही नव्या तंत्राचा लाभ मिळाला. २८ जून १९२८ रोजीं मुद्रित झालेली ‘वेस्ट एंड ब्लूज’ ही त्या मालिकेंतील मला सर्वांत प्रिय असलेली तबकडी. आरंभीं कोणाचीही साथ नाहीं. एकट्या ट्रंपेटचे स्वर पायऱ्या चढून उंच जातात, क्षणभर तेथें झुलतात आणि मोकळ्या लयींत खालीं उतरतात. ही सारी करामत जेमतेम बारा-तेरा सेकंदांची. मग मूळ चीज, अर्ल हाइन्सचा पियानो, आणि अखेरीस चौमात्रिक तालाच्या जवळजवळ चार आवर्तनांपर्यंत धरून ठेवलेला एकच तार स्वर. दम म्हणजे नुसतें छातीचें बळ नव्हे, तर स्वर केव्हां सोडावा याचा विवेक, हें त्या एका स्वरावरून समजतें. पूर्वी जॅझमध्यें सारा ताफा मिळून बोलत असे. आर्मस्ट्राँगपासून एकटा वादक बोलूं लागला आणि ताफा त्याचें ऐकूं लागला.

जुन्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटेंच मावत. आपल्याकडे अब्दुल करीम खांसाहेबांनाही एवढ्याच अवकाशांत राग मांडावा लागला. ही अडचण कधीं कधीं कलेला उपकारक ठरली. कोलमन हॉकिन्स यानें ११ ऑक्टोबर १९३९ रोजीं न्यूयॉर्कमध्यें सॅक्सोफोनवर वाजविलेली ‘बॉडी अँड सोल’ ऐकावी. पांच वर्षें युरोपांत काढून तो नुकताच मायदेशीं परतला होता. मूळ चाल आरंभीं जेमतेम ओळखूं येते. मग तिला बाजूस ठेवून तो तिच्या खालच्या स्वरसंगतीवर एकामागून एक नवीन वाक्यें रचीत जातो. एकही जागा पोकळ नाहीं. असें हें प्रौढ वादन, तरीही सामान्य ग्राहकांनीं तें उचलून धरलें.

यानंतर पुन्हां कांहीं पानें गहाळ झालेलीं आढळतात. १ ऑगस्ट १९४२ रोजीं अमेरिकेंतील वादकांच्या संघानें जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखालीं मुद्रणावर बहिष्कार पुकारला. तबकड्या हॉटेलांत आणि नभोवाणीवर वाजूं लागल्यामुळें प्रत्यक्ष वादकांची रोजी बुडे. तिचा मोबदला मिळावा ही मागणी कांहीं गैर नव्हती. परंतु मोठ्या दोन कंपन्यांशीं तडजोड होण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला, आणि नेमक्या याच काळांत ‘बीबॉप’ ही नवी, द्रुत, वळणावळणाची पद्धति जन्मास येत होती. १९४३ च्या आरंभीं हाइन्सच्या ताफ्यांत सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी एकत्र होते. त्या ताफ्याची एकही तबकडी निघाली नाहीं. म्हणूनच २६ नोव्हेंबर १९४५ रोजीं मुद्रित झालेली पार्करची ‘को-को’ पुष्कळांना आकाशांतून पडल्यासारखी वाटली. कला आकाशांतून पडत नाहीं. मधला पुरावा तेवढा नाहींसा झालेला असतो.

१९४८ सालीं कोलंबिया कंपनीनें दीर्घ तबकडी बाजारांत आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक वादन मावूं लागलें, आणि ‘आल्बम’ ही एक सलग कलाकृति झाली. ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउन याला या सोयीचा लाभ फार थोडा काळ मिळाला. कितीही द्रुत लय असो, त्याचा प्रत्येक स्वर गोल आणि सुटा ऐकूं येतो. २६ जून १९५६ रोजीं मोटारीच्या अपघातांत तो वारला, तेव्हां त्याचें वय पंचवीस वर्षांचें होतें. त्याचा सारा अस्सल कागद उण्यापुऱ्या चार वर्षांचा.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा आल्बम २ मार्च व २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशीं, न्यूयॉर्कमधील एका जुन्या प्रार्थनामंदिरांत थाटलेल्या मुद्रणगृहांत तयार झाला. त्याच्या पहिल्या रचनेंत घडोघडी बदलणारी स्वरसंगति नाहीं; दोनच स्वरमालांवर वादक स्वस्थपणें विहार करतात. रागसंगीतावर वाढलेल्या कानाला या दालनांत सहज प्रवेश मिळतो. यांतच सॅक्सोफोन वाजविणाऱ्या जॉन कोल्ट्रेननें ९ डिसेंबर १९६४ रोजीं ‘अ लव्ह सुप्रीम’ हा चार भागांचा आल्बम मुद्रित केला. शेवटच्या भागांत त्यानें स्वतः रचलेली एक प्रार्थना सॅक्सोफोनवर जणूं शब्दशः म्हटली आहे. ती वेष्टनावर छापलेली असल्यामुळें शब्द पाहत स्वर ऐकतां येतात. पं. रविशंकर यांच्याविषयीं कोल्ट्रेनला इतका आदर होता कीं आपल्या मुलाचें नांव त्यानें रवि ठेविलें.

ही हकीकत आपल्या दाराशींही येऊन पोंचते. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबे हा अमेरिकन वादक आपला कृष्णवर्णीय ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपि शिकून मुंबईस आलेल्या वादकांना ती विद्या प्रत्यक्ष ऐकावयास मिळाली. त्यांतीलच आंतोनियो झेव्हियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, याला लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. रामचंद्र चितळकर यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीतांत त्याचा हात होता. त्याचें नांव तरी राहिलें. पण त्या काळच्या शेंकडों चित्रपटगीतांत जो ट्रंपेट आणि जो सॅक्सोफोन आपण आजही ऐकतों, ते फुंकणाऱ्या गोमंतकीयांचीं नांवें तबकडीवर छापलीं जात नसत. तेथें गायकाचें नांव असे, संगीतदिग्दर्शकाचें असे, वादकाचें नसे.

बोल्डनचें नांव उरलें आणि स्वर गेला. आपल्या या वादकांचा स्वर उरला आणि नांव गेलें. पहिली हानि भरून येण्यासारखी नाहीं. दुसरी मात्र अजून कांहीं अंशीं भरून काढतां येईल. ज्या घरांत वडील किंवा आजोबा अशा ताफ्यांतून वाजवीत, तेथें जुने करारनामे, छायाचित्रें, हातानें लिहिलेले स्वरांचे कागद असूं शकतात. ते रद्दींत जाण्यापूर्वीं कोणीतरी त्यांवर नांवें आणि सालें लिहून ठेवावीं. इतिहासाची सेवा म्हणतात ती बहुधा एवढीच असते.