व्याकरण, मराठी : आदेशात्मक व कार्यलक्ष्यी दृष्टी

भाषा कशी असावी हे सांगणारे ते आदेशात्मक व्याकरण. भाषेतील रूपे व्यवहारात कोणते कार्य करतात, यावरून त्यांचा उलगडा करणारे ते कार्यलक्ष्यी व्याकरण. दुसरी दृष्टी सामान्यतः आधुनिक पाश्चात्त्य समजली जाते. तथापि घड्यासाठी कुंभाराकडे जावे लागते, शब्दांसाठी मात्र कोणी वैयाकरणाकडे जात नाही, या आशयाचे विवेचन पतंजलीच्या महाभाष्यात आढळते.

विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) परकीय शिकणाऱ्यांसाठी होते. दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–८२) यांच्या महाराष्ट्र भाषेचे व्याकरण (१८३६) या ग्रंथापासून शालेय परंपरा रूढ झाली व तीत संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणांचे साचे आले. ‘ला’ हा एकच प्रत्यय द्वितीया व चतुर्थी अशा दोन्ही विभक्तींत दाखविण्याची प्रथा हे संस्कृत साच्याचेच फळ होय. मोरो केशव दामले यांनी शास्त्रीय मराठी व्याकरणात (१९११) पूर्वसूरींच्या मतांची कसून छाननी केली. पुढे अरविंद मंगरूळकर (१९६४) व कृ. श्री. अर्जुनवाडकर (१९८७) यांनी या साच्यांचीच चिकित्सा केली.

या वादाचे मर्म बोलींत स्पष्ट दिसते. कोल्हापूर–रत्नागिरी मार्गावरील मलकापूर (ता. शाहूवाडी) ज्या भागात येते, त्या कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही ‘मी जातो’, ‘मी आलो’ असे म्हणतात. आदेशात्मक दृष्टीने ही लिंगाची चूक ठरते. परंतु बोलणारी व्यक्ती समोर असताना तिचे लिंग क्रियापदाने सांगण्याचे प्रयोजन उरत नाही. जेथे ते उरते, त्या तृतीय पुरुषात हीच बोली ‘तो जातो’, ‘ती जाती’ असा भेद पाळते. शिवाय प्रमाण मराठीतही ‘आम्ही जातो’ हे स्त्रीपुरुषांचे समान रूप आहे आणि ‘मी जाईन’ यात लिंगभेद मुळीच नाही. प्रमाण भाषेने अनेकवचनात जे केले, तेच बोलीने एकवचनात केले, इतकेच.

मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम लेखनापुरते होते. शाळेत मात्र लेखनाचा दंडक बोलण्यालाही लागू होई आणि घरी आईकडून शिकलेले रूप वर्गात अशुद्ध ठरे. अ. मा. घाटगे यांच्या बोली-पाहणीत कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली इ. बोलींचे स्वतंत्र वर्णन झाले. त्यात प्रमाण रूप हा निकष नसून भाषकाच्या तोंडचे रूप हाच आधार होता.