मल्चिंगचा कागद आला कुठून?



मागच्या हंगामात एका टोमॅटोच्या रानात गेलो होतो. रोटाव्हेटर फिरवून झाला होता आणि ढेकळांतून काळ्या-चंदेरी कागदाच्या चिंध्या डोकावत होत्या. मालक म्हणाले, "साहेब, कागद अंथरायला तुम्ही सांगितलंत, काढायचं नाही सांगितलंत." बोलणं खरं होतं. म्हणून आज या कागदाची कुळकथा.

आच्छादन ही काही परदेशी विद्या नव्हे. उसाचं पाचट, गवत, काडीकचरा आपले वाडवडील घालतच होते. ते कुजून मातीत मिसळून जाई. प्लास्टिकचं तसं नाही. पॉलिथिन इंग्लंडमध्ये १९३३ साली आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगानं हाती लागलं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाचे प्रा. एमर्ट यांनी १९४८ साली हरितगृहाला महागड्या काचेऐवजी पारदर्शक कागद लावून पाहिला. पुढं प्लास्टिक जमिनीवरही अंथरलं जाऊ लागलं. ओल टिकते, तण दबतं, खुरपणीची मजुरी वाचते. मग कुणाला नको वाटेल?

खरं पाहण्यासारखं आहे ते चीनचं. तिथं हे तंत्र १९७८ साली जपानहून आलं. शिनजियांगच्या कोरड्या मुलखात कापसाला ते इतकं मानवलं की त्याला 'पांढरी क्रांती' म्हणू लागले. पण पैसे वाचवायच्या नादात कागद पातळ होत गेला. १९९२ च्या मानकात जाडी ८ मायक्रॉन होती, रानात त्याहूनही पातळ पडला. असा कागद हंगामाअखेर ओढला की हातात तुकडेच येतात! ते मातीत साठत गेले. पाणी नीट मुरेना, मुळं अडू लागली, आणि क्रांतीचं नाव 'पांढरं प्रदूषण' झालं. २०१८ पासून तिथं किमान १० मायक्रॉनचा नियम आला. तोवर चाळीस वर्षं उलटली होती.

या चिंध्या उन्हानं, नांगरटीनं बारीक होतात, नाहीशा होत नाहीत. ५ मिलिमीटरहून लहान कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ब्रिटनच्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या २००४ च्या लेखानंतर हा शब्द रूढ झाला, पण तो लेख समुद्राबद्दल होता. शेतमातीकडे लक्ष बऱ्याच उशिरा गेलं. पिठासारखे झालेले कण रानातून वेचून काढायला व्यवहारी उपाय नाही.

तेव्हा जे करायचं ते कागद अखंड असतानाच, बरं का. घेताना २५ ते ३० मायक्रॉनचा घ्या. स्वस्त पातळ रोल शेवटी महागच पडतो. शेवटचा तोडा झाला की झाडं कापा, कडेची माती कुदळीनं सैल करा, कागद गुंडाळत या, मग ठिबकच्या नळ्या. रोटाव्हेटर त्यानंतरच. बांधावर पेटवू नका. धूर घातक आणि वितळलेले गोळे पुन्हा रानातच. माती झटकून, चौघांनी मिळून गाडीभर झाला की प्लास्टिकच्या भंगारात द्या. आणि उसाला तर पाचटच बरं, हे माझं स्पष्ट मत.

त्या टोमॅटोच्या रानात पहिल्या पावसानं चिंध्या उघड्या पडतील. तेव्हा पोतं घेऊन वेचायला मीही जाणार आहे.