थंडीची पहाट आणि जात्यावरच्या दोघी

मार्गशीर्ष-पौषाची थंडी पडली की बचत गटाच्या बैठकीत एक गाऱ्हाणे हमखास निघते: "पहाटे चालायला जायचे ठरवतो, पण गोधडी सोडवत नाही." मग आपल्या आज्या-पणज्या याच थंडीत, कोंबडा आरवायच्या आत कशा उठत होत्या? आज तेच पाहू.

त्यांना उठवत असे जाते. हिवाळ्यात घरोघरी बाजरीची भाकरी. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, साठवून चालत नाही. म्हणून दळण रोजच्या रोज. खुंटा धरून जाते ओढायचे म्हणजे दंड, पाठ, पोट सगळ्यालाच ताण. थोड्याच वेळात अंगात ऊब येई.

पण ही हौस नव्हती, सक्ती होती. पीठ नाही तर भाकरी नाही. अंग दुखत असले तरी सुनेची सुटका नव्हती. त्या कष्टांचे गोडवे आम्ही गाणार नाही.

तरी त्या बायकांनी एक वाट काढली होती. जमेल तेव्हा जात्यावर दोघी बसत. सासू-सून, जावा-जावा, नाहीतर शेजारीण. एकीचा हात थकला की दुसरीचा जोर लागे. सोबतीला ओवी असे. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासरचा जाच, दिवसा जे बोलता येत नसे ते ओवीत येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. संत जनाबाईंची कथाही हेच सांगते. जनीला दळू लागायला प्रत्यक्ष विठ्ठल येई. म्हणजे दळायला सोबत हवी, हे आपल्या लोकांनी देवाच्या गोष्टीतही ठेवले.

पुढे गावोगावी गिरणी आली. कष्ट वाचले, फार चांगले झाले. पण जाते कोपऱ्यात गेले, तशी पहाटेची ती सोबतही गेली.

आता कोणी म्हणेल, "शेतात राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?" बायांनो, दिवसभर वाकून खुरपले की कंबर धरते, अंग मोकळे होत नाही. शिवाय ते राबणे घरासाठी. हा अर्धा तास आपल्या स्वतःसाठी.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, एकटीने निश्चय करू नका. गटात दोघी-दोघींच्या जोड्या लावा. शाल, मोजे, चपला रात्रीच उंबऱ्याजवळ ठेवा. जिला आधी जाग येईल तिने दुसरीच्या दारात हाक मारायची. वाट दिसू लागली की निघायचे, आधी हळू, अंग तापले की भरभर. दम्याचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून, ऊन आल्यावर चाला. आणि चालताना आजीची एखादी ओवी आठवली तर मोकळ्या गळ्याने म्हणा. हाक मारणारी दारात उभी असली की गोधडी आपोआप सुटते.