फीत, घड्याळ आणि वस्तादाची नजर

रत्नागिरीस जन्मलेले बाळासाहेब खेर 1937 सालीं मुंबई प्रांताचे मुख्य प्रधान झाले. त्याच सालीं स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालीं प्रांताची शरीरशिक्षण समिति बसली. 1938 सालीं कांदिवलीस व्यायामशिक्षक घडविणारी संस्था निघाली. तालमीची कसोटी म्हणजे कुस्ती. हरणाऱ्या मुलानें वर्षभरांत किती मजल मारली, हें कुस्ती सांगत नाहीं. 1959-60 मधील राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहिमेनें धांव, उडी व फेंक यांचीं वयोगटवार मानें ठरविलीं. दुबळा मुलगाही हिशेबांत आला. मल्लखांबावरील तोल मात्र फितीला सांपडत नाहीं. तेथें वस्तादाचीच नजर हवी. आणि रत्नागिरीच्या पावसांत, जूनच्या चिखलांत, कोणाची धांव मोजावी? पहिलें मोजमाप मैदान वाळल्यावर घ्यावें; दुसरें वार्षिक परीक्षेआधीं, त्याच मैदानावर.