रेसिंग सीट बसवली आणि एअरबॅगचा दिवा पेटला! सीटखालच्या पिवळ्या वायरींचं काय करायचं?

बकेट सीट बसवून झाली, बोल्ट आवळले, किल्ली फिरवली आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा जो पेटला तो विझायलाच तयार नाही. रेसिंग सीट बसवणाऱ्या हौशी लोकांना हा अनुभव हमखास येतो. मग कुणीतरी उपाय सुचवतं, "कपलरमध्ये एक रेझिस्टर टाक, दिवा जाईल." रेझिस्टर काही रुपयांत मिळतो आणि बऱ्याच गाड्यांत दिवा खरंच जातो. पण दिवा गेला म्हणजे गाडी पूर्वीइतकी सुरक्षित झाली का? याचं उत्तर जुन्या सीटखाली नेमकं काय काय होतं, यावर अवलंबून आहे.

सीट म्हणजे नुसती गादी नव्हे

आजच्या गाडीच्या पुढच्या सीटमध्ये तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असू शकतात. पहिली म्हणजे साइड एअरबॅग. ती पाठीच्या बाहेरच्या कडेला, दरवाजाच्या बाजूला शिवलेली असते. दुसरी म्हणजे बेल्टचं बकल. बेल्ट लावलाय की नाही हे कळवणारा स्विच त्यात असतो, आणि काही गाड्यांत प्रीटेन्शनरही तिथेच असतो. प्रीटेन्शनर म्हणजे धडक होताच छोट्याशा स्फोटाने बेल्ट खेचून घट्ट करणारी यंत्रणा. तिसरी गोष्ट सीटच्या रुळावरची. चालक स्टिअरिंगच्या किती जवळ बसलाय हे काही गाड्यांत तिथला सेन्सर सांगतो, आणि त्यावरून एअरबॅग किती जोराने फुगवायची ते ठरतं. चौथी गोष्ट शेजारच्या सीटमध्ये असते, ती म्हणजे माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सर.

यातल्या स्फोटक भागांच्या वायरींचे कपलर बहुतेक गाड्यांत मुद्दाम पिवळे ठेवलेले असतात. पिवळा कपलर दिसला की हात आवरायचा, हे मेकॅनिक लोकांना पहिल्यांदा शिकवलं जातं.

दोन एअरबॅगवाल्या साध्या हॅचबॅकमध्ये मामला सोपा असतो. चालकाची एअरबॅग स्टिअरिंगमध्ये, शेजाऱ्याची डॅशबोर्डमध्ये. सीटमध्ये बहुधा फक्त बकलची आणि बेल्टची आठवण करून देणाऱ्या चटईची वायर. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग आणि पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची सूचना सक्तीची झाली. त्यामुळे ही चटई आता स्वस्त गाड्यांतही सापडते. सीट काढण्याआधी आपल्या गाडीत काय आहे हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे पाठीच्या कडेला 'एअरबॅग' असं लिहिलेलं लेबल आहे का, ते पाहणं. ओनर्स मॅन्युअलमध्येही हे दिलेलं असतं.

दिवा का पेटतो?

एअरबॅगचा कंट्रोल मॉड्यूल बहुतेक वेळा गिअरच्या आसपास, मधल्या बोगद्यावर बसवलेला असतो. किल्ली फिरवली की तो प्रत्येक एअरबॅगच्या आणि प्रीटेन्शनरच्या सर्किटमधून अगदी बारीक करंट सोडून रेझिस्टन्स मोजतो. एअरबॅग पेटवणाऱ्या ठिणगीच्या तारेचा, म्हणजे स्क्विबचा, रेझिस्टन्स साधारण २ ओहमच्या आसपास असतो. तेवढा मिळाला की काही सेकंदांत दिवा विझतो. सीट काढली की सर्किट तुटतं, मॉड्यूलला तिथे काहीच सापडत नाही, आणि तो बिघाडाचा कोड नोंदवून दिवा चालू ठेवतो.

यात एक गफलत नेहमी होते. सीट काढलेली असताना गाडी हलवायची म्हणून कुणीतरी ती चालू करतं. कोड तेव्हाच नोंदला जातो आणि नंतर मूळ सीट परत जोडली तरी अनेक गाड्यांत दिवा आपोआप जात नाही. तो काढायला एअरबॅगचा मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लागतो. मोबाइलला जोडायचे स्वस्त डोंगल बहुधा फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड दाखवतात. एअरबॅगचे कोड सहसा 'बी'ने सुरू होतात, आणि ते डोंगलला दिसत नाहीत म्हणून "कोड काहीच नाही" असा निष्कर्ष काढणं चुकीचं.

दिवा पेटलेला असताना बाकीच्या एअरबॅग उघडतील का? काही गाड्यांत फक्त बिघडलेलं सर्किट बंद राहतं, तर काहींत अख्खी यंत्रणाच बंद होते. म्हणजे साइड एअरबॅगच्या एका वायरीपायी स्टिअरिंगमधली एअरबॅगही गमवावी लागू शकते. "दिवा पेटू दे, काय बिघडतंय" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

रेझिस्टर नेमकं काय करतो

२ ते ३ ओहमचा रेझिस्टर कपलरमध्ये जोडला की मॉड्यूलची समजूत होते की एअरबॅग जागेवर आहे. दिवा जातो, बाकीची यंत्रणा पुन्हा तयार होते. पूर्णवेळ ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीत किंवा साइड एअरबॅग जाणार हे मान्य करूनच सीट बदललेल्या गाडीत याला काही अर्थ आहे, हे कबूल करायला हवं. मात्र बाजूने धडक बसली की मॉड्यूल आदेश देईल आणि तो आदेश त्या रेझिस्टरमध्ये जळून जाईल. बाजूच्या धडकेत माणूस आणि दरवाजा यांच्यात वीतभर जागा असते, म्हणून ती एअरबॅग पुढच्या एअरबॅगपेक्षाही लवकर उघडावी लागते. छाती वाचवणारी ती गोष्ट आता गाडीत नाही. छताच्या कडेतून उघडणारा पडदा असेल तर तो डोक्यासाठी शिल्लक राहतो, एवढंच.

बकलच्या बाबतीत मात्र रेझिस्टर लावायचं कारणच नाही. मूळ बकल नव्या सीटच्या मजबूत ब्रॅकेटवर, बेल्टसाठी दिलेल्या जागी बसवता येत असेल तर ते वायरीसकट तसंच न्यावं. स्विचही राहतो, प्रीटेन्शनरही. चांगले सीट ब्रॅकेट बनवणारे त्यासाठी वेगळी जागा ठेवतात. रस्त्यावर चालवताना मूळ तीन बिंदूंचा बेल्टच वापरायचा हेही ओघानेच आलं, कारण पुढच्या एअरबॅगची वेळ त्याच बेल्टच्या हिशेबाने बांधलेली असते.

खरा धोका शेजारच्या सीटचा. अमेरिकेत २००३ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने असा नियम आला की समोरच्या एअरबॅगने लहान मूल आणि मोठा माणूस यांत फरक करायला हवा. त्यामुळे तिथल्या गाड्यांत सीटच्या गादीखाली वजन ओळखणारी पिशवी किंवा सीटच्या पायांत सेन्सर असतात. हे सेन्सर त्या विशिष्ट गादीसकट जुळवलेले असतात. काढून रेसिंग सीटखाली सरकवले तर त्यांचं माप चुकतं. "मोठा माणूस बसलाय" असं कायम सांगणारी नकली जोडणी केली, तर त्या सीटवर मूल असलं तरी एअरबॅग पूर्ण जोराने उघडेल. उलट "सीट रिकामी" असं सांगितलं तर मोठ्या माणसासमोरही ती उघडणार नाही. परदेशातून आणलेल्या गाडीत हा प्रश्न भारतातही येतो. इथल्या साध्या चटईचं काम मात्र बहुधा बेल्टची टिकटिक वाजवण्यापुरतंच असतं. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, म्हणून आपल्या गाडीत कोणती आहे हे सर्व्हिस मॅन्युअलवरून तपासल्याशिवाय कापाकापी करू नये.

काम करताना

बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढल्यावर लगेच कपलरला हात लावायचा नाही. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो आणि तो काही वेळ भरलेला राहतो. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये ९० सेकंद थांबायला सांगितलेलं असतं, होंडाच्या ३ मिनिटं. आपल्या गाडीचा आकडा तिच्याच मॅन्युअलमधून घ्यावा. एअरबॅगच्या बाजूच्या पिनांवर मल्टिमीटर कधीही लावू नये. मीटर रेझिस्टन्स मोजताना स्वतःचा करंट सोडतो, आणि स्क्विबला करंट देणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. कपलर सुटला की आत एक छोटी पट्टी दोन्ही पिना आपोआप जोडून टाकते, म्हणजे अंगावरच्या स्थिर विजेने एअरबॅग उडू नये. ती पट्टी उचकटून 'साफ' करणारे महाभागही असतात.

काढलेल्या सीटमधली एअरबॅग जिवंतच असते. ती कोरड्या जागी, उष्णतेपासून लांब ठेवावी, आणि विकताना घेणाऱ्याला तसं सांगावं.

कायद्याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावलं होतं. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्यामुळे रस्त्यावर चालवायच्या गाडीची सीट बदलण्याआधी आरटीओत विचारलेलं बरं आणि विमा कंपनीला लेखी कळवलेलं त्याहून बरं. अमेरिकेत गॅरेजवाल्यांना गाडीतलं सक्तीचं सुरक्षा साधन निकामी करायला संघीय कायद्यानेच बंदी आहे, म्हणून तिथले अनेक गॅरेजवाले एअरबॅगच्या वायरींना हात लावायला नकार देतात.

रेझिस्टर लावलेली गाडी पुढे विकली जाते, तेव्हा नव्या मालकाला मीटरमध्ये काहीच दिसत नाही. सेकंडहँड गाडी बघायला गेल्यावर किल्ली फिरवून एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटतो आणि मग विझतो का, हे बघावं. अजिबात पेटलाच नाही तर बल्ब काढलेला असू शकतो. नीट पेटून विझला आणि सीट मात्र बाहेरच्या कंपनीची असेल, तर सीटखाली वाकून पिवळ्या कपलरचं दुसरं टोक कुठे जातं ते बघायला दोन मिनिटं पुरतात.